आत एकच जण

सिस्टरने हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क बाकावर ठेवले आणि कमरेवर हात ठेवून दोघींकडे पाहिलं.

"आत एकच जण. कोण येतंय?"

"ह्या," सासूने विहिणीकडे बोट दाखवलं. चेहरा अगदी समजूतदार ठेवला होता, पण तोंड गप्प बसेल तर ना! "आमच्या सूनबाईंनी केव्हाच जाहीर करून टाकलंय, आईच पाहिजे. मी म्हटलं, बरं बाई, आईच घे. आम्ही काय, पिशव्या धरायला आलोय. दुपटी सगळी मी धुतली, उकळत्या पाण्यातून काढली, इस्त्री केली, तो भाग वेगळा."

सिस्टर हसू दाबत आत गेली.

या सासूला गल्लीत सगळे रेडिओ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं तर तिला ते थोडंसं आवडायचंसुद्धा. सकाळी दूधवाल्यापासून सुरू झालेलं प्रक्षेपण घरातला शेवटचा माणूस झोपला की मगच थांबायचं. सून नवी होती तेव्हा पहिला आठवडाभर मनापासून हसली. दुसऱ्या आठवड्यापासून कानात इयरफोन घालून भांडी घासू लागली. भांडण असं कधी झालं नाही. फक्त तिने नवऱ्याजवळ सांगून ठेवलं होतं की बाळंतपणात मला माझी आई हवी, अहो आई नकोत. त्या फार बोलतात, मला जास्तच घाबरायला होतं.

नवऱ्याने तो निरोप शब्द न् शब्द आपल्या आईला पोहोचवला. एरवी निम्मं सामान विसरून येणारे मुलगे असल्या बाबतीत मात्र काहीही विसरत नाहीत.

विहीणबाई म्हणजे अगदी दुसरं टोक. जन्मभर शिवणकाम केलेलं, दिवसभर ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं आपोआपच मोजकं. आताही त्यांनी काही न बोलता गाऊनमध्ये हात घातले. रेडिओने मागून नाड्या बांधल्या, टोपीत केस कोंबले आणि खांद्यावर थोपटून त्यांना दाराकडे पाठवलं.

दार दोन्ही बाजूंना ढकललं जाणारं होतं. वर गोल काच. आतून सुनेचा कण्हण्याचा आवाज आला, लांबलेला, शेवटी तुटलेला. विहीणबाईंनी दारावर तळवा टेकवला. आणि तो तिथेच राहिला.

"जा की आता," रेडिओ म्हणाली.

"जाते."

पण पाऊल उचललं गेलं नाही. रेडिओ जवळ गेली. विहिणीच्या कपाळावर घाम साचला होता आणि दुसऱ्या हाताने तिने चौकट अशी धरली होती, जणू फरशीच सरकतेय.

"काय होतंय? चक्कर येतेय का?"

विहिणीने मान हलवली. मग दाराकडेच बघत म्हणाली, "हिच्यानंतर मला मुलगा झाला होता. याच खोलीत. तो रडलाच नाही."

आतून पुन्हा कण्हणं आलं.

"हिला माहीत नाही. फार लहान होती. मला वाटलं होतं, जमेल मला." विहिणीने गोल काचेतून आत पाहिलं. "भिंतींना रंगसुद्धा वेगळा दिलाय आता."

कोणाच्याही दुःखावर रेडिओकडे आपल्या घरातली निदान एक तरी गोष्ट तयार असायची. आत्ता एकही सापडली नाही. तिने हात पुढे केला आणि नुकतीच मारलेली गाठ सोडली.

"काढा."

"अहो, पण ती मला शोधेल, तिला मीच..."

"काढा म्हणते ना. बसा त्या बाकावर, पाणी प्या. मी सांगते तिला समजावून." गाऊन चढवता चढवता तिने उजव्या हातातली अंगठी ओढून काढली आणि विहिणीच्या तळहातावर ठेवली. "एवढी सांभाळा."

सांगायचं काय, हे तिने दार ढकलेपर्यंत ठरवलंसुद्धा. अगं, तुझ्या आईला जरा गरगरतंय, काळजीचं काही नाही, मी आहे ना. मग थोडं माझ्या बाळंतपणाचं, मग थोडं दुपट्यांचं.

सून भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. मुठीत खाटेची दांडी. पावलांचा आवाज ऐकून तिने मागे न बघता विचारलं, "आई, आलीस?"

रेडिओने मास्कआड तोंड उघडलं.

तेवढ्यात कळ आली. सुनेने दांडी सोडली आणि हात मागे करून हवेतच चाचपडायला लागली. पाण्यात बुडणारं माणूस करतं तसं. रेडिओने आपला उजवा हात त्या हातात दिला, आणि उघडलेलं तोंड मिटलं.

सिस्टर पोटावर यंत्र ठेवून ठोके ऐकत होती. "बाळ छान आहे. तूच श्वास कोंडून धरतेयस. अशी अंग आवळून राहिलीस तर काम पुढे सरकणार नाही, मग तुला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. गाडीतून धक्के खात जायचंय का?"

"नाही."

"मग सोड श्वास." सिस्टर रेडिओकडे वळली. तिने मास्कवरचे डोळे ओळखले, पुन्हा नीट पाहिलं, आणि तिच्या भुवया टोपीपर्यंत चढल्या. "अहो, तुम्ही? बरं, असू दे. दोन शब्द धीराचे बोला की हिच्याशी!"

रेडिओने डाव्या हाताचं बोट मास्कवर ठेवलं आणि जोरजोरात मान हलवली. सकाळी दाखल करताना याच बाईने नोंदणीच्या खिडकीवर उभं राहून अख्ख्या घराण्याच्या बाळंतपणांचा इतिहास सांगितला होता. सिस्टरने खांदे उडवले.

बोलता येत नव्हतं, म्हणून रेडिओ श्वास घेऊ लागली. मोठ्याने, भात्यासारखा. नाकातून आत, तोंडातून बाहेर, मास्क फुगायचा आणि चिकटायचा. आधी ती एकटीच घेत होती. मग दोन कळांच्या मध्ये सुनेचा श्वास अडखळत त्याच्यामागे आला. मग बरोबरीने चालू लागला.

"अस्संच," सिस्टर म्हणाली. "आता कशी शहाण्यासारखी वागतेस!"

काय काय आलं रेडिओच्या गळ्याशी! पाय सैल सोड गं. ओठ नको चावूस. तुझा नवरा झाला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना शिव्या दिल्या होत्या, तूही दे, मन हलकं होतं. सगळं तिने परत खाली ढकललं. कळ आली की सून तिची बोटं अशी पिळायची, की रेडिओच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी आवाज नाही. उन्हं खिडकीच्या गजांवरून खाली उतरली. सुनेला उताणं केलं तेव्हा रेडिओ उशाशी सरकली, डोक्यामागे, जिथे सहज नजर जाणार नाही अशी.

"डोकं दिसतंय. आता लाव जोर. लाव, लाव, लाव!"

आणि मग खोलीत एक नवाच आवाज होता. चिडलेला, ओला, सगळ्यांना जाब विचारणारा.

"मुलगी," सिस्टर म्हणाली.

रेडिओच्या तोंडून साधं 'अगं बाई'सुद्धा निघालं नाही. सिस्टर बाळाला सुनेच्या छातीवर ठेवत होती, तेवढ्यात रेडिओने आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली आणि भिंतीच्या कडेने दाराबाहेर सटकली.

विहीणबाई बाकावर बसलेल्या नव्हत्या. दारासमोरच उभ्या होत्या.

"रडली," रेडिओ म्हणाली. इतक्या वेळानंतरचा तिचा पहिला शब्द. "मुलगी आहे. चांगली खणखणीत रडली."

विहिणीने पदर तोंडावर दाबला. रेडिओने तिला मनसोक्त रडूही दिलं नाही. स्वतःचा गाऊन उतरवून तिच्या अंगावर चढवायला लागली.

"मी आता कोणत्या तोंडाने..."

"ह्याच. वरून मास्क लावा, झालं. तिला वाटतंय तुम्हीच होता. मी चकार शब्द बोलले नाही आत."

विहिणीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने हवेत उडून दाखवलं होतं. "तुम्ही?"

"मी. जा आता. आत घाबरण्यासारखं काही नाही, नुसतं बाळ आहे."

विहिणीने दार ढकललं. या वेळी ते उघडलं.

रेडिओने बाहेरच्या नळाखाली हात धरला. बोटं सुजून टम्म झाली होती, करंगळीजवळ नखांच्या खुणा. अंगठी घालून पाहिली, ती पेरापुढे सरकेना. तिने ती पर्समध्ये टाकली आणि रखवालदाराला बातमी सांगायला गेली.

संध्याकाळी सुनेला वॉर्डमध्ये आणलं तोवर रेडिओ पूर्ववत सुरू झाला होता. रखवालदार, चहावाला, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळ्यांना नात कोणासारखी दिसते ते कळून चुकलं होतं. विहीणबाई पाण्याची बाटली भरायला गेल्या.

"आण गं तिला इकडे," रेडिओ म्हणाली. "किती वेळ एकटीच घेऊन बसशील? नाक बघ, नाक आमच्या घरचं. माझ्या थोरल्या नणंदेचं अस्संच..."

तिने दोन्ही हात पुढे केले. सून बाळ देता देता थांबली. तिची नजर त्या हातांवर होती.

"अहो आई," ती हळूच म्हणाली, "डाव्या हातावर घ्या. उजवा दुखत असेल."

थोरल्या नणंदेचं नाक अर्ध्यावरच राहिलं. सुनेने बाळ जपून तिच्या डाव्या हाताच्या घडीत ठेवलं, डोकं नीट टेकवलं, दुपटं सारखं केलं.

विहीणबाई बाटली घेऊन आत आल्या.

"आई," सुनेने मोठ्याने विचारलं, "तुझा हात फार जोरात पिळला का गं मी?"

विहिणीच्या हातातली बाटली टेबलापाशी पोहोचता पोहोचता थांबली. तिने रेडिओकडे पाहिलं.

"पिळला म्हणजे!" रेडिओने दुपट्याखाली उजवा हात सारला. "धुणं पिळतात तसा पिळलास, बाई! बिचाऱ्या विहीणबाई. पण एक अक्षर बोलल्या असतील तर शपथ. त्यांच्या जागी मी असते ना, तर अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता."

"हो ना," सून म्हणाली, आणि तिने उशीवर डोकं टेकलं. "सांगा ना, कोणाचं नाक म्हणत होतात?"