शिट्टीवरचे दात

"नवी कोरी दिसू दे, पण बाबांच्या दातांच्या खुणा गेल्या तर तुझी खैर नाही," असं बजावून ताईनं शिट्टी माझ्या हातात ठेवली. "संध्याकाळी मॅच आहे."

बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे पंच व्हायचे. चेंडू गोलाकडे निघाला की तोंडातली शिट्टी चावायचे. शिट्टी पितळेची, वर चांदीचा मुलामा. तोंडाशी तो पार उडाला होता आणि तिथं दातांचे खळगे पडले होते. बाबा गेल्यावर ताईनं एवढी एकच वस्तू मागून घेतली. आज ती पहिल्यांदा मोठ्या सामन्यात पंच होणार होती.

मी मुलामा देणारा. लहानपणी माझ्या पायाला भिंगरी, म्हणून बाबांनी माझं नावच सोडियम ठेवलं. "याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन आहे," ते पाहुण्यांना सांगत. "तो कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय याला चैन पडायची नाही." ताई क्लोरीन. तिला बाहेर नेहमी एक कमी पडायचा, म्हणून दिसेल ते ओढून घ्यायची.

माझा धंदाही या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरच चालतो. वस्तू लाल चिमट्याला लावली की वीज तिच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन काढून घेते. अणूचा आयन होतो आणि धातू सोडून पाण्यात उतरतो. काळ्या चिमट्याला लावली की उलटं. पाण्यातल्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळतो, तो पुन्हा अणू होऊन वस्तूवर बसतो. तेव्हा आधी लाल लावून जुनी चांदी उतरवायची, मग टाकी बदलून, काळा लावून नवी चढवायची. यात चुकण्यासारखं काय आहे?

जुनी चांदी उतरली. शिट्टी दुसऱ्या टाकीत सोडतो न सोडतो तोच ताईचा फोन.

"झालं का?"

"होतंय."

"खुणा आहेत ना?"

"अगं आहेत! ठेव फोन."

तिनं परत केला. मग परत. मी वैतागून दारात गेलो, आत आलो, पुन्हा दारात गेलो. शेवटी टाकीत डोकावलो तर शिट्टी लाल चिमट्यालाच.

झटकन वीज बंद केली. बाहेर काढली. हलकी झाली होती. तोंडाशी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, भिंग लावून पाहिलं. सगळं गुळगुळीत. बाबांचे दात टाकीत विरघळले होते.

स्वतःलाच शिव्या घालत शिट्टीला काळा चिमटा लावला. चांदी शहाण्यासारखी चढत गेली, तिला काय त्याचं!

ताई पंचाच्या काळ्या कपड्यांतच आली. मी दारातच सांगून टाकलं.

"कुठं गेल्या म्हणजे?"

"टाकीत. चिमटा बदलायचा राहिला."

"मग काढ बाहेर."

"पितळेतलं तांबं निघेल, ताई. खुणा नाही निघायच्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली. रडू मलाच आलं.

"वाजते का तेवढं बघू दे," ती म्हणाली आणि शिट्टी फुंकली. शेजारचा शिंपी दचकून बाहेर आला.

ती निघाली तशी मीही दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मागोमाग गेलो. मैदानाच्या कडेला मी इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होतो. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. शेवटी शेवटी दोन्ही संघ बरोबरीत आले. चेंडू गोलाकडे निघाला, ताई त्याच्यामागे जीव खाऊन धावत होती, शिट्टी तोंडात. गोल झाला नाही. सामना संपला.

तिनं येऊन शिट्टी माझ्या हातात कोंबली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. माझा अंगठा सवयीनं शिट्टीच्या तोंडाशी गेला आणि अडखळला. पितळ पातळ झालं होतं, नव्या चांदीसकट आत दबलं होतं. एक खळगा वर, एक खाली.

"आत्ताच मुलामा दिलाय, ताई! चावलीस कशाला?"

"मी?" ती म्हणाली. "मी कुठं चावले?"