एका सेकंदात कोटी ठोके

मी एक स्फटिक बोलतोय. हसू नका! तुमच्या नखाएवढ्या पत्र्याच्या डबीत मावतो मी, पण वीज मिळाली की एका सेकंदात कोटी वेळा थरथरतो. हे कसं होतं, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.

चितेगावच्या कारखान्यात इंजिनिअर गजालानं मला चिमट्यानं उचललं आणि रेडिओ केंद्राच्या सर्किट बोर्डावर बसवलं. तिनं स्वतः आखलेला हा पहिलाच बोर्ड. शेजारी एक काळी चिप. माझे ठोके ऐकून ती केंद्राची लहर तयार करते. मी खरं बोलतोय की खोटं, हे ती कधी विचारत नाही. बापरे, केवढा हा विश्वास!

आणि नेमकं बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी मीच डळमळलो. माझे ठोके मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे जागेवर थांबेनात. गजालानं चिप बदलली, तारा बदलल्या. काही उपयोग नाही.

"आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर बाहेरून तयार बोर्ड आणू," विश्वजीत साहेब म्हणाले. "देवगाव रंगारीचं केंद्र उद्या सुरू व्हायचंय."

गजालानं पुन्हा बोर्डावर मान वाकवली. तिचे डोळे भरून आले, आणि मला तोंड नसल्यानं काही सांगता येईना.

तेवढ्यात लाइट गेली. मीटर अन् बोर्ड इन्व्हर्टरवर चालू राहिले, बाकी सगळं बंद. खोली भट्टीसारखी तापली. आणि हळूहळू आकडे थांबले! लाइट आली, तसे पुन्हा नाचायला लागले.

गजालानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! सांडूभाऊ, तो कूलर बंद करा आधी!"

मदतनीस सांडू गोंधळला. "अहो म्याडम, तुमाला लई घाम येत होता, म्हून मीच तुमच्याकडं वळवला व्हता."

त्या गार झोतानं माझा ठोका ढळत होता. बिचाऱ्याची माया, पण जिवावर बेतली होती माझ्या! गजाला रडता रडता हसायला लागली. तिनं माझ्यावर फोमचं छोटं टोपण बसवलं, आणि साहेबांनी बोर्डाच्या मंजुरीवर सही केली.

आता मी देवगावात आहे. पहिल्या दिवशी गावातल्या मनकर्णाबाई माईकसमोर बसल्या. "माझा आवाज माझ्या मैत्रिणीपर्यंत, सरूपर्यंत जाईल का गं पोरी? तिला शेतातून येता आलं नाय."

"जाईल, मावशी. बोला तुम्ही," बोर्ड बसवायला आलेली गजाला म्हणाली.

मनकर्णाबाईंनी ओवी म्हटली. मी थरथरलो, चिपनं लहर धरली, आणि तो आवाज भिंतीबाहेर, झाडांवरून, पार शिवारात गेला. थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडं सरूबाई होत्या.

"थांबलीस कशाला? म्हण की पुढं!"

गजालानं तोंडावर पदर धरला. मनकर्णाबाई पुढं म्हणू लागल्या. बायांनो, बाबांनो, असंच बोलत राहा. तुमचा आवाज पेलायला मिळतोय, यापरतं मला काय हवं?