आधी गोंदा, मग बंद करा

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे तो टीव्हीसारखा दिसणारा भाग. सगळं काम ज्या पेटीत चालतं, तिला सगळे स्टॅबिलायझर म्हणत. मी आल्यापासून ही नावं दुरुस्त करत होते. परिणाम एवढाच झाला की शेठाणींनी टीव्हीला लेसचं झाकण शिवलं आणि पेटीवर गणपती बसवला. गणपतीमुळे पेटीची हवा अडत होती. तेही मी सांगून पाहिलं.

कारखाना गुजराती मुलखात, पर्वत पाटियाजवळ. तिथे साड्यांच्या किनारी विणल्या जात. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावर चढवायच्या, ही जुनी पद्धत. शहाण्णव साली मगनशेठनी कागदाऐवजी जुना कॉम्प्युटर आणला. मी बी.एस्सी., फिजिक्स, शिवाय कॉम्प्युटरचा क्लास केलेला. त्यामुळे चिंधामामांनी शब्द टाकला आणि मला कामावर घेतलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, मागांवरचे मास्तर. डिंडोलीत आमच्याच गल्लीत राहतात.

त्या दिवशी दुपारी बाजारातले एक मोठे व्यापारी येणार होते. हंसांच्या किनारीचे रंग बसल्या जागी बदलून दाखवतो, असं शेठनी त्यांना कबूल केलं होतं. जमलं तर कॉम्प्युटर राहणार आणि मीही राहणार. नाही तर तो विकून जुन्या चित्रकाराला परत बोलावणार. माझा गैरसमज होऊ नये म्हणून शेठनी हे आधी गुजरातीत आणि मग हिंदीत सांगितलं होतं.

आता मामांचा नियम. माणूस उठला की यंत्र बंद. चालत्या मागाजवळ कोणी नसलं की मामा येऊन खटका पाडणारच. मागाचं त्यात काही बिघडत नाही. तो कुठेही थांबवा, ताणलेले धागे तसेच राहतात. खटका दाबला की तिथूनच पुढे. एकदा मी पाणी प्यायला उठले, तेव्हा मामांनी कॉम्प्युटरचाही खटका पाडला. माझी अख्खी सकाळ गेली.

तेव्हा मी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. "मामा, पडद्यावर दिसतं ते मेमरीत असतं. मेमरी म्हणजे रांगोळी. वीज गेली की पुसली. सेव्ह केलं की ते डिस्कवर जातं. डिस्क म्हणजे आजीच्या हातावरचं गोंदण. हे बटण आणि हे बटण एकदम दाबायचं, की गोंदलं."

"मंग असं सांग ना पहिले," मामा म्हणाले. "आधी गोंदा, मंग बंद करा."

मला वाटलं, समजलं.

व्यापारी यायच्या दिवशी मी सकाळी नक्षीतला हंस पुसून नुसती वेल कशी दिसते ते बघत होते. हंस परत आणणं म्हणजे एक बटण. जेवणाची सुट्टी झाली. मी डबा घेऊन नळावर हात धुवायला गेले. परत येते तर पडदा काळा आणि शेजारी मामा, मिशीत हसत.

"उजू, आज मी गोंदी टाकं आणि मंगच बंद करं."

मी पेटी सुरू केली. फाईल उघडली. वेल होती. हंस नव्हता.

"मामा, हंस कुठंय?"

"माले काय माहीत? तूच उडावना व्हता."

"हो, पण जुन्या फाईलमध्ये होता ना! तुम्ही तिच्यावरच हे सेव्ह केलंत!"

"गोंदणवर गोंदण कसं व्हई? तूच सांगं व्हतं, गोंदण पुसाये नही."

मी मागचं परत आणायचं बटणही दाबून पाहिलं. पण ती सोय मेमरीतली, आणि मेमरी मामांनी खटक्यासरशी पुसलेली. गोंदणं आणि मग बंद करणं, दोन्ही त्यांनी मी शिकवलं तसंच केलं होतं. चिडायचं तरी कोणावर?

"डबा खाय ले," मामा म्हणाले. "उपाशी पोटे काय याद येई?"

"मला काही खायचं नाही!"

मामांनी खिशातून किनारीचा वीतभर तुकडा काढला. पहिल्या नक्षीवरून मागावर विणलेला नमुना होता तो. भिंग लावून ते धागे मोजू लागले. "लिख. दोन लाल, एक पांढरा, तीन लाल." मी चौकटी भरत गेले. दर ओळीनंतर मामा विचारत, "गोंदं का?"

"गोंदलं."

"परत गोंद."

"मामा, तुम्ही फक्त धागे सांगा!"

एक हंस पुरा झाला. मामा तुकड्यावर पुढे सरकले. "आते दुसरा. दोन लाल..."

"दुसरा नको." मी बटणं दाबली. कॉपी. वेलीवर हंसांची रांग उभी राहिली. मामांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. तेवढ्यात जिन्यावर मगनशेठचा आवाज आला.

व्यापारी खुर्चीत न बसताच म्हणाले, "चांच लीली करो." मी चोच हिरवी केली. वेल जांभळी केली. मग त्यांना पहिलाच रंग परत पाहायचा होता. तो मी वेगळ्या नावाने ठेवलेला होता, तो उघडून दाखवला. मागून मामा पुटपुटले, "गोंद, उजू."

"आ शुं बोले छे?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनो शब्द छे," शेठ गंभीरपणे म्हणाले.

व्यापाऱ्यांनी दोन्ही रंगांचे नमुने विणायला सांगितले. जाताना शेठ माझ्याकडे वळले. "बेन, हवे आ टीव्ही वेचवो नथी." म्हणजे आता तो विकायचा नव्हता. मी म्हणणार होते, हा टीव्ही नाही. पण म्हटलं नाही.

चहाच्या वेळी मामांना पुन्हा समोर बसवलं. "प्रत्येक बदलाला वेगळं नाव द्यायचं. नाव तेच ठेवलं तर जुनं जातं."

"हंस तोच, मंग नाव कसाले दुसरं?"

"असं बघा, तुमच्या दोन भाच्यांना एकच नाव ठेवलं, तर हाक मारल्यावर काय होईल?"

मामांनी बशीतला चहा संपवला आणि विचार केला. "दोन्ही येतीन."

"कॉम्प्युटरमध्ये नाही. दुसरी आली की पहिली नाहीशी होते."

मामांनी पेटीवरचा गणपती उचलला आणि आपल्या मागाशेजारच्या फळीवर नेऊन ठेवला.

"असं यंतर घरमा नको आनजो वं माय," ते म्हणाले.

निदान पेटीला हवा तरी लागली.