उसाच्या गावी गेलेले रानआले

मी एक जुना रानआल्याचा कंद आहे, मित्रांनो. कोयनेच्या खोऱ्यात, जिथे भर दुपारीही ऊन चाळणीतून गाळल्यासारखे खाली येते, तिथे माझे घराणे नांदत होते. आम्ही मुळातच थोडे. पण वाडीवरची हरणाबाई काढ्यासाठी कंद खणी, तेव्हा डोळा असलेला तुकडा पुन्हा पुरल्याशिवाय जागची हलत नसे. "भुईचा वाटा भुईला," ती म्हणे.

सेहेचाळीस साली ठेकेदाराने आमच्या उतारावर कोळशाच्या भट्ट्या लावल्या. कुऱ्हाडी पडण्याआधी हरणाबाईने मला उकरले आणि उसाच्या मुलखातल्या पलूसहून आलेल्या बहिणीच्या मुलाच्या, आकारामच्या हाती दिले.

"ह्ये येकच उरलंय रं. जिवापाड जप."

आकाराम ब्रह्मदेशची लढाई लढून आलेला गडी, पण हाडाचा ऊसवाला. पाणी पाजले की पीक येते, एवढेच त्याला ठाऊक! परसातल्या आंब्याखाली लावून त्याने मला रोज घागरभर पाणी घातले. दिवाळीनंतर माझी पाने पिवळी पडून गळाली. ती आमच्या कुळाची झोपायची वेळ. आकाराम घाबरला आणि त्याने दोन घागरी सुरू केल्या. मी एका बाजूने कुजू लागलो. भल्या माणसाच्या मायेने मरायची पाळी आली होती माझ्यावर!

शेवटी त्याने कुदळ उचलली. नेमकी संक्रांतीला बहिणीकडे आलेली हरणाबाई परसात आली.

"आरं थांब! मेलं न्हाई, निजलंय ते. निजलेल्याच्या तोंडात पाणी वततोस व्हय?"

"मावशे, लय चुकलं गं माझं."

तिने कुजका भाग कापला, राख चोळली आणि मला कोरड्या मातीत ठेवले. "जेठापातूर थेंब घालशील तर बघ!"

आकारामने कोंबड्यासुद्धा जवळ फिरकू दिल्या नाहीत. जेठात मी कोंब काढला. आषाढात तो रोज शेंड्याकडे फूल शोधी. आमचे फूल थेट मातीतून उगवते, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? एका सकाळी पायाशी नजर गेली आणि तो लढवय्या गुडघ्यांवर बसून ओरडला, "आये, भुईतनं फूल आलंय!" माझा आनंद तर मातीत मावेना.

पुढल्या वर्षी मावशी-भाच्याने माझे तुकडे कोयनेकाठच्या आमच्या जुन्या डोंगरावर नेऊन ओढ्याकाठच्या उरल्या झाडीत लावले. दोन पावसाळ्यांत तिथे आमची बेटे झाली.

मित्रांनो, पाने गळाली म्हणून कुणावर कुदळ उचलू नका. आधी जाणत्याला विचारा. भट्ट्यांचे धूर केव्हाच विरले. आम्ही मात्र दर आषाढात फुलतो आहोत.