मेचा दुसरा आठवडा

उर्मिलाने बांधून ठेवलेल्या वळकटीवर स्मिताने निळी प्लास्टिकची बादली आणून ठेवली. बादलीत पाण्याचा मग, एक बल्ब आणि सुतळीचं वेटोळं होतं.

"ताई, हे कायला? तिथं सगळं मिळते म्हणता ना तुम्ही?"

"मिळते. पण असू दे," थोरली जाऊ म्हणाली आणि तिच्याकडे न पाहताच आपल्या घरात निघून गेली. पांढुर्ण्यात दोघींची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती.

स्मिताच्या नवऱ्याने, थोरल्या रवींद्रने, तीन वर्षांपूर्वी पचमढीच्या एका नव्या रिसॉर्टमधला आठवडा विकत घेतला होता. खोली नव्हे, आठवडा. दर मे महिन्याचा दुसरा आठवडा ती खोली त्याची, आयुष्यभर. बाकीचे आठवडे दुसऱ्या कुणाकुणाचे. तेव्हापासून उर्मिला खिडकीच्या गजांआडून त्यांचं सामान गाडीवर चढताना पाहत असे. दरवर्षी ते वाढतच होतं. आधी बादली, मग स्टोव्ह, मग मच्छरदाणी. मिरवायची हौस, दुसरं काय, असं तिला वाटे. परत आल्यावर स्मिता ओसरीवर बसून दरीचं, गारव्याचं, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीचं वर्णन करी आणि उर्मिला गहू निवडता निवडता खड्यांबरोबर चांगले दाणेही फेकून देई.

यंदा त्याच दिवसांत स्मिताच्या भावाचं लग्न निघालं. "आठवडा वाया जाते, तुम्हीच जा," असं ती म्हणाली तेव्हा उर्मिलाला नाही म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

पचमढीला खोलीचं दार उघडलं तर आधी भिंतीचे पोपडेच पायाखाली आले. नळाने नुसता सुस्कारा सोडला. पाणी उताराखालच्या टाकीवर मिळत होतं. उर्मिलाचा नवरा विजय, शाळेत गणित शिकवणारा माणूस, सकाळी निळी बादली घेऊन तो चढ चढू लागला. न्हाणीघरात बल्ब नव्हताच. स्मिताने दिलेला तिथे नेमका बसला.

"वहिनीला सगळं ठाऊक होतं म्हणायचं," विजय हसून म्हणाला.

उर्मिलाला आतून गुदगुल्या झाल्या. एवढी वर्षं ही बाई आपल्याला जळवत होती, आणि कशावर? कुणाकुणाला सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा ती मनात जुळवू लागली.

संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन बसली. वेताची खुर्ची मात्र खरीच होती. समोरची दरी हळूहळू निळी होत गेली. शेजारच्या गॅलरीतल्या बाईने विचारलं,

"आपका भी यही हफ़्ता है?"

"हाँ," उर्मिला म्हणाली. "हर साल आते हैं."

आत विजय पेपर वाचत होता. पान उलटण्याचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

परतल्यानंतरच्या रविवारी नणंदेने, इंदूने, सगळ्यांना सौंसरला आमरसाच्या जेवणाला बोलावलं. संत्र्याच्या बगीच्याचा यंदा चांगला सौदा झाला होता, आणि इंदूचा नवरा अनिल यानेही असाच एक आठवडा घ्यायचं मनावर घेतलं होतं. रिसॉर्टचा एजंट दुपारून नागपूरहून यायचा होता.

"विहीर खोल करायची होती, ते राहू दे म्हणून राहिले हे," इंदू म्हणाली. "बगीच्याचा सारा पैसा त्या आठवड्यात चालला. लहान्या वहिनी, तुम्हीच सांगा आता. मोठ्या वहिनीचा तर तो स्वतःचाच आहे, त्या कायला नाव ठेवतील! तुमचं त्याच्यात काही नाही. तुम्ही खरं सांगाल."

आंबे पिळणाऱ्या स्मिताचे हात थांबले.

उर्मिला कुरडया तळत होती. जुळवून ठेवलेली वाक्यं जिभेवर आली: नळ, पोपडे, बल्ब. पण माजघरातले सगळे तिच्याकडेच पाहत होते. या घरात कुठल्याही गोष्टीसाठी तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि नळाचं सांगितलं की तो आठवडाही गेला. मग उरणार दुसऱ्याने दिलेली फुकटची खोली आणि बादली घेऊन चढ चढणारा नवरा.

"काय सांगू बाई," ती म्हणाली. "गॅलरीत बसलं की उठावंसंच वाटत नाही. डोळे मिटून आठवडा घ्या."

विजय सुपारी कातरत होता. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"बस्स," अनिल म्हणाला. "एजंट आला की पक्कंच करून टाकतो."

"नका करू."

स्मिताने रसाने माखलेले हात पातेल्यावर तसेच धरले होते.

"पाणी नाही तिथं, इंदू. पहिल्या वर्षापासून नाही. आम्ही घरून बादली नेतो. तू आपली विहीर खोल कर."

रवींद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

"पण वहिनी, इतके दिवस तुम्हीच तर सांगून राहिल्या होत्या..." अनिल म्हणाला.

"इतके दिवस कोणी घ्यायला निघालं नव्हतं, जावईबुवा. आम्ही चांगलं म्हटल्यानं कोणाचं काय जात होतं?"

इंदूने पुढे होऊन स्मिताचा घसरलेला पदर तिच्या खांद्यावर नीट केला. "मोठ्या वहिनी, आपल्या वस्तूला असं कोण म्हणते हो!" मग काहीतरी आठवल्यासारखं ती उर्मिलाकडे वळली. "आणि तुम्ही कायला वाईट वाटून घेता? तुम्ही पाहुण्यासारख्या गेल्या, पाहुण्यासारख्या आल्या. तुम्हाला काय कळणार!"

कढईतली कुरडई काळी पडली होती. उर्मिलाने ती झाऱ्यावर काढली आणि बराच वेळ निथळत धरली. आठवडा स्मिताचा, आणि आता खरं बोलणंही तिचंच.

ऊन उतरल्यावर चौघं रवींद्रच्या अँबेसिडरमधून पांढुर्ण्याला निघाले. सौंसर मागे पडलं तसं स्मिताने मागच्या सीटवर जावेच्या हातावर हात ठेवला.

"पाण्याचा फार त्रास झाला असेल ना तुला? मी आधी सांगायला पाहिजे होतं."

उर्मिलाने हात सोडवून घेतला, केसांवरून फिरवला आणि बाहेर पाहिलं. रस्त्याकडेची संत्र्याची झाडं एकामागून एक मागे जात होती.

"नाही ताई," ती म्हणाली. "आम्ही होतो तेव्हा भरपूर होतं पाणी."

पुढे बसलेल्या विजयने अर्धी मान वळवली. मग तो पुन्हा समोरच्या रस्त्याकडे पाहू लागला.