दुसरी दोरी

जरा डोळे मिटा बरं. फाल्गुन महिना आहे. सातपुड्यात पळस फुलला आहे आणि तुम्ही एका ओढ्याकाठी ताडपत्रीचा तंबू ठोकून बसला आहात. तीन दगडांच्या चुलीवर शेवेची भाजी रटरटते आहे. दिसलं? आता तो तंबू नीट बघा. तो कशाच्या जोरावर उभा आहे? दोऱ्यांच्या. त्या दोऱ्यांचीच ही गोष्ट.

रावेरजवळच्या एका गावात अकरा वर्षांची मयुरी राहायची. रंगपंचमीनंतरच्या रविवारी डोंगरात एक रात्र मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. मयुरी, तिचा कॉलेजात शिकणारा चुलतभाऊ कुंदन आणि लोटनआबा. आबा मयुरीच्या वडिलांच्या केळीच्या बागेत तीस वर्षं काम करत होते. डोंगरातली पायवाट अन् पायवाट त्यांना ठाऊक. "आबा सोबत असतील तरच जायचं," अशी आईची अट होती.

गुरुवारी कुंदन यादी वाचायला बसला.

"ताडपत्री आहे, पातेलं आहे. दोरी?"

"आणते म्हटलं ना!" मयुरी म्हणाली.

"चार दिवस झाले, आणतेच आहेस. मागे मीठ आण म्हटलं तर साखर आणलीस."

"आणि ती भाजी तूच दोनदा वाढून घेतलीस!"

ती हसली खरी, पण दोरी आणायला ती साफ विसरली होती. पुन्हा चिडवून घ्यायला नको, म्हणून ती पिशवी घेऊन सरळ बागेत गेली.

केळीचा घड भरला की झाड त्याच्या भारानं कलतं. म्हणून त्याला दोरीनं शेजारच्या खोडाशी बांधतात. बाकीचे एक दोरी बांधायचे, आबा दोन बांधायचे. "एक घडासाठी, एक वाऱ्यासाठी," म्हणायचे. त्यांची गाठही वेगळी होती. झाड कितीही ओढो, ती सुटायची नाही. पण मोकळं टोक ओढलं की क्षणात सुटायची. घड कापला की तीच दोरी पुढच्या झाडाला. तंबूच्या कामी येईल म्हणून ती गाठ त्यांनी त्याच आठवड्यात मयुरीला शिकवली होती.

मयुरीनं बांधाकडच्या चार झाडांची एकेक दोरी सोडली. एकेक राहू दिली. एक तर आहेच ना, असं मनाशी म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी डोंगराकडून वारा सुटला.

शनिवारी सकाळी त्या चारांतली तीन झाडं आडवी पडली होती. आठ दिवसांत कापायला येणारे घड मातीत रुतले होते. वडील, म्हणजे जितेंद्रभाऊ, वाकून बघत होते. आबा शेजारी उभे होते. मयुरी बांधावरच थबकली.

"आबा, इथं एकेकच दोरी दिसते," वडील म्हणाले.

"दोन बांधल्या व्हत्या मी," आबा म्हणाले. मग थांबून हळूच म्हणाले, "बांधल्या व्हत्या ना?"

"दुसरी सासरी नांदायला गेली वाटतं!" झुलाल नावाचा गडी म्हणाला आणि बाकीचे गडी हसले.

वडील रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मयुरीला वाटलं. ते फक्त म्हणाले, "जाऊ द्या आबा, वय होतं माणसाचं. उद्यापासून बांधायचं काम झुलाल बघेल. तुम्ही पाणी बघा."

आबांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी कुंदनला सांगितलं, "मी काही येत नाही रे डोंगरात. ज्याले बांधलेल्या दोरीचं ध्यान नाही, त्यानं दुसऱ्याची लेकरं जंगलात न्यायची नाही."

कुंदननं ताडपत्रीची घडी करून ती माळ्यावर टाकली. मयुरीला जेवण गेलं नाही. खाटेखाली लपवलेली दोऱ्यांची पिशवी तिच्याकडे बघत असल्यासारखी वाटत होती. शेवटी दुपारी तिनं ठरवलं, कुणी नसताना जायचं आणि दोऱ्या बागेत टाकून यायच्या. वाऱ्यानं सुटल्या म्हणतील.

पण बागेत आबा होते. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून एका खोडाला बांधला होता. ते गाठ मारत होते, सोडत होते आणि पुन्हा मारत होते. मारताना लहान मुलासारखे पुटपुटत होते, "ही एक... ही दोन..."

मयुरीला पुढचं बघवेना. ती जवळ गेली आणि पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"आबा, तुम्ही दोन-दोनच बांधल्या होत्या. एकेक मी सोडली. तंबूसाठी."

आबांनी एक दोरी हातात घेतली. तिच्यावर जुन्या गाठीचा पीळ तसाच होता. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"मले वाटलं, माह्यं डोकं गेलं," ते म्हणाले. मयुरी रडू लागली तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी. मले कळलं, झालं. बापाले सांगू नको. तो मारंल तुले. चाल, उद्या जाऊ आपण डोंगरात."

बघा, किती सोपं होतं! मार चुकत होता, डोंगर मिळत होता. पलीकडे आंब्याखाली वडील आणि गडी चहा पीत बसले होते. "आबा, तिसरी दोरी बांधू नका हो!" असं ओरडून झुलाल पुन्हा हसला. आबा त्या हसण्यासरशी खाली बघू लागले.

मयुरीनं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं. आबांच्या हातातली दोरी घेतली, पिशवीत घातली आणि आंब्याकडे चालू लागली. "अवं पोरी, थांब," आबा मागून म्हणाले, पण ती थांबली नाही. सगळ्यांच्या मधोमध जाऊन तिनं पिशवी उलटी केली आणि सगळ्यांत मागे बसलेल्या झुलाललाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आबांची दुसरी दोरी ही बघा. मी चोरली होती."