शेवग्याची सावली

गेनबाच्या घरातला चहा बिघडला तो सगुणाबाई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात.

तोवर डब्यात तिनेच भरून ठेवलेली पावडर होती. ती तेराव्यापर्यंत आल्यागेल्याला पुरली. डबा रिकामा झाल्यावर गेनबा कामथडीहून नसरापुरात गेला आणि जगनच्या दुकानातून अर्धा किलो सुट्टी पावडर घेऊन आला. दोनशे चाळीस रुपये किलोची. गेली अकरा वर्षं घरात तीच येत होती. घरी येऊन त्याने चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहाला रंग होता. बाकी काही नव्हतं.

त्याला वाटलं, आपली जीभ गेली. माणूस गेलं की असं होतं हे त्याने ऐकलं होतं. शेजारच्या रखमाजीला बायको गेल्यावर वर्षभर मिठाची चव कळत नव्हती. गेनबाने ते मान्य केलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढं तरी व्हायलाच पाहिजे, असं म्हणून तो तसाच चहा रोज दोनदा पीत राहिला.

गावात सगळे त्याला आबा म्हणत आणि काटकसरीत त्याचा शब्द मानत. अकरा वर्षांपूर्वी एकुलत्या एका मुलीचं, सुलक्षणाचं लग्न लावून दिल्यावर त्याने घराला नेम घालून दिले होते. डाळ, कडधान्य भिजल्याशिवाय शिजायला टाकायचं नाही. पातेल्यावर झाकण हवंच, आणि भात होत आला की गॅस आधीच बंद करायचा, राहिलेला वाफेवर होतो. ज्या खोलीत माणूस त्याच खोलीत दिवा. अंगाचा साबण दोऱ्याने कापून चार तुकडे करायचे, न्हाणीत एका वेळी एकच तुकडा. बाजाराला जाताना यादी न्यायची आणि पोटभर जेवून जायचं, कारण भुकेल्या माणसाच्या पिशवीत फरसाण येतं. आणि चहा सुट्ट्या पावडरीचा.

या शेवटच्या नेमाचा त्याला जास्त अभिमान होता. लग्नात, दहाव्याला, एसटीच्या थांब्यावर तो सांगायचा, "पयला म्हैनाभर जीभ कुरकुर करती. दुसऱ्या म्हैन्यात गप बसती. आमच्या घरात अनुभव हाय."

अनुभव खरा होता. पहिल्या महिन्यात तो चहा घशाखाली उतरत नव्हता. दुसऱ्या महिन्यात एके सकाळी तो एकदम चांगला लागू लागला आणि मग अकरा वर्षं चांगलाच लागला. नेम गेनबाचे होते, बाजार सगुणाबाईचा होता. तो पैसे मोजून द्यायचा आणि ती पिशवी घेऊन जायची.

आता मात्र एक महिना गेला, दुसरा गेला, चौथा आला, तरी जीभ गप बसेना.

त्यात न्हाणीमागच्या शेवग्याने निराळंच सुरू केलं. हे झाड गेनबाच्या लेखी वांझ होतं. वर्षाला पाच-सहा शेंगा, एका आमटीपुरत्या. दर उन्हाळ्यात तो म्हणायचा, "तोडून टाकू हे." दर उन्हाळ्यात सगुणाबाई म्हणायची, "राहू द्या वो. सावली हाय."

"शेवग्याची कसली आलीया सावली?"

"हाय तेवढी बास."

आणि यंदा, ती नसताना, झाड शेंगांनी लगडलं. हातभर लांब शेंगा, झुपकेच्या झुपके. गेनबाने एकदा वर बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. झाडाने थोडी तरी लाज बाळगायला हवी होती, असं त्याला वाटलं.

मार्चमध्ये एके सकाळी फुलाबाई आली. गावातला महिला बचत गट ती चालवायची.

"आबा, रविवारी आमच्या ओसरीवर गटाची बैठक हाय. घरखर्चावर चार शब्द बोला."

"बायकांत मी काय बोलू?"

"एसटीच्या थांब्यावर बोलता तेच. इतकी वरसं उभ्यानं ऐकलं, एकदा बसून ऐकतो."

"बरं."

"आन् चहा तुमी करायचा. तुमच्या पावडरीचा. सगुणाआक्कांच्या हातचा चहा समद्यांनी पिलाय, पर दोनशे चाळिसाची पावडर म्हनलं की कुनाचा इस्वास बसत न्हाई. रत्ना तर म्हनती, आबा थापा मारत्यात."

"रत्नाला काय कळतंय."

"म्हनून तर. पिऊन बघू द्या, मंग तितंच ठरवू. गटाची मिळून तीस किलो घ्यायची हाय. पैसं जमलंत."

फुलाबाई गेल्यावर गेनबा विचारात पडला. जीभ आपली गेली असेल तर चहा चांगलाच असणार. पण तीस किलोचा प्रश्न होता. दुसरी एखादी जीभ हवी होती. त्याने सुलक्षणाला मोबाईल लावला. ती वरवे बुद्रुकला दिलेली, दुपारच्या आत आली. त्याने नेमाप्रमाणे चहा केला आणि तिच्यासमोर ठेवला.

"कसा झालाय?"

सुलक्षणा एक घोट घेऊन कपात बघत राहिली. "आबा, तुमी हे रोज पिता?"

"व्हय."

"चार म्हैनं?"

"व्हय."

"आईची पावडर कुठं हाय?"

"हीच आईची पावडर."

"ही न्हाई," असं म्हणून तिने उठून कप मोरीत ओतला. चहा ओतून देणं नेमात बसत नव्हतं. तरी गेनबाने तिला अडवलं नाही. जीभ आपली नाही, पावडरच गेलीय, हे त्याला पटलं होतं. आणि पावडर जगनने बदलली, यातही त्याला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो राहिलेली पावडर पिशवीत घालून नसरापुरात गेला. जगन गल्ल्यावर बसला होता. त्याची बायको वनिता साखरेच्या पुड्या बांधत होती.

"जगन, माल बदललास तू."

"न्हाई आबा."

"चार म्हैनं झालं. आमची मंडळी यायची तवर नीट दिलास. मी यायला लागलो तर भुसा."

जगनने पिशवीत नाक घालून हुंगलं. "ह्यो माल त्योच हाय. पंधरा वरसं ह्योच हाय. लोकं नेत्यात, काढ्यावानी उकळून पित्यात."

"मंग आमच्या घरात अकरा वरसं चांगला कसा लागला?"

जगन वनिताकडे बघू लागला. वनिताने हातातली पुडी खाली ठेवली.

"सांगून टाका आता," ती म्हणाली. "आक्का काय बोलायला यायच्या न्हाईत."

जगन म्हणाला, "आबा, ह्यो माल तुमच्या घरी एकच म्हैना गेला. दुसऱ्या म्हैन्यापासनं आक्का वरच्या फळीवरचा न्यायच्या. सहाशेचा. मी सुट्ट्याच्या पिशवीत बांधून द्यायचो."

"मी तर दोनशे चाळिसाच्या भावानंच पैसं द्यायचो."

"व्हय."

"मंग वरचं?"

"शेंगा."

"कसल्या शेंगा?"

"शेवग्याच्या. हंगामात आठवड्याला दोन पिशव्या यायच्या. त्यात वरसाचा चहा बसायचा."

"आमचं झाड धरत न्हाई," गेनबा म्हणाला.

"मंग धरत नसंल," जगन म्हणाला.

गेनबाने वरच्या फळीकडे बघितलं. तिथे पिवळी पाकिटं ओळीने उभी होती.

"यंदा धरलंय," तो म्हणाला.

"यंदा तोडायला कुनी न्हाई," वनिता म्हणाली. "तुमी पहाटं रानात गेला की त्या तोडायच्या. पाच-सहा तेवढ्या ठेवायच्या, तुमास्नी दिसायला."

"मला सांगायचं तरी."

"म्या बी तेच म्हनलं हुतं. तर म्हनल्या, त्यास्नी नेम करून लई बरं वाटतंय. कशाला मोडा."

गेनबाने आपल्या पिशवीला गाठ मारली. मग म्हणाला, "आन् डाळ?"

"डाळीचं काय?"

"डाळ बी वरच्या फळीवरची?"

"आबा, तुमी चहाचं इचारायला आलाय," जगन म्हणाला आणि फडकं घेऊन स्वच्छच असलेला काटा पुसू लागला.

परतीच्या जीपमध्ये गेनबा कडेला बसला. म्हणजे जिभेला काही झालेलं नव्हतं. सगुणाबाईच्या मागे आपली जीभ गेली, याचं त्याला आतून थोडं बरं वाटत आलं होतं. चार महिने जे तो दुःख म्हणून पीत होता, ते नुसतं दोनशे चाळीस रुपये किलोचं होतं.

शुक्रवारी सकाळी तो रानात गेला नाही. न्हाणीमागे टोकाला कोयती बांधलेला एक बांबू नेहमी उभा असायचा. तो कोळिष्टकं काढायला आहे अशी त्याची समजूत होती. कोळिष्टकांना कोयती कशाला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बांबूला धरायच्या जागी चिंधी गुंडाळलेली होती, सगुणाबाईच्या उंचीच्या बेताने. त्याला जरा वाकून धरावं लागलं. पहिल्या चार शेंगा मोडून पडल्या. नंतरच्या नीट आल्या. दोन पिशव्या भरल्या तरी झाड भरलेलंच दिसत होतं.

जगनने शेंगा तोलल्या आणि पिवळ्या पाकिटातली पावडर सुट्ट्याच्या पिशवीत ओतायला घेतली. गेनबा म्हणाला, "असू दे. पाकीटच दे."

घरी येऊन त्याने चहा केला. पहिल्याच घोटाला चहा ओळखू आला. तो कप हातात धरून बसला. चहा गार झाला तेव्हा त्याने तो गारच पिऊन टाकला. टाकायचा नाही, हा नेम होताच.

राहिला रविवार. सहाशेच्या पावडरीचा चहा केला तर आपला शब्द राहत होता, आणि गावातल्या चौदा घरांत तीस किलो भुसा जात होता. दोनशे चाळिसाचा केला तर रत्ना खरी ठरत होती. आणि खरं ते सगळं सांगितलं तर सगुणाबाईने नवऱ्याला अकरा वर्षं गुंडाळलं हे सगळ्या गावाला कळत होतं, ते सुद्धा ती उत्तर द्यायला नसताना. शनिवारभर त्याने या तिन्हींचा विचार केला. चौथं काही सापडलं नाही.

रविवारी फुलाबाईच्या ओसरीवर चौदा बायका जमल्या. गेनबाने शेगडीवर दोन पातेली चढवली, दोन्हींवर झाकण ठेवलं. आधी एका पातेल्यातला चहा वाटला.

बायकांनी एकेक घोट घेतला. मग रत्ना म्हणाली, "आबा, ह्यो जेवनाआधी घ्यायचा का जेवनानंतर?"

बायका हसल्या. फुलाबाई हसली नाही, कारण पैसे तिने गोळा केले होते.

"ह्यो दोनशे चाळिसाचा," गेनबा म्हणाला. "आता ह्यो घ्या."

त्याने दुसरं पातेलं वाटलं. या वेळी कपांचा आवाज तेवढा झाला. बायकांत वयाने मोठी धोंडाबाई होती. तिने अर्धा कप पिऊन मान हलवली. "ह्यो सगुणाचा," ती म्हणाली.

"व्हय. ह्यो सहाशेचा. अकरा वरसं मी ह्योच पिलो आन् तुमास्नी त्यो दोनशे चाळिसाचा म्हनून सांगितला. मला ठावं नव्हतं."

"वरचं पैसं मंग आक्कांनी कुठनं आनलं?" फुलाबाईने विचारलं.

"शेवग्यातनं. पहाटं शेंगा तोडायची, जगनला घालायची. मला सांगायची, झाड सावलीला हाय."

रत्नाने पदराचा बोळा तोंडात धरला. मग धोंडाबाईच हसली, आणि मग सगळ्याच. गेनबा हसणं थांबेपर्यंत उभा राहिला. हे मनाला जास्त लागेल असं त्याला वाटलं होतं. त्या कोणाला हसत होत्या हे नीट कळत नव्हतं, पण सगुणाबाईला नव्हत्या हसत, एवढं दिसत होतं.

"म्हंजी पावडर घ्यायची का न्हाई?" फुलाबाई म्हणाली.

"न्हाई. पैसं माघारी द्या. डाळ भिजवा, झाकन ठेवा, दिवा बंद करा, ते खरं हाय. त्यात पैसा वाचतोय. चहा चांगला प्या. आन् शेवगा लावा." त्याने रिकामी पातेली उचलली. "घरात सांगू नका."

घरखर्चावरचे चार शब्द तिथेच संपले.

एप्रिलमध्ये शेंगा उतरल्यावर बायका एकेक करून आल्या. शेवगा छाटावाच लागतो, असं धोंडाबाईने सांगितलं आणि कोणती फांदी कुठून कापायची हे खाली उभं राहून दाखवलं. चौदा फांद्या गेल्या. झाड बोडकं झालं, न्हाणीवर ऊन पडायला लागलं. गावात चौदा परसांत त्यांच्या काठ्या रोवल्या गेल्या, वाळू नये म्हणून प्रत्येकीच्या टोकाला शेणाचा गोळा.

दोन दिवसांनी एसटीच्या थांब्यावर रत्नाचा नवरा सोमनाथ भेटला.

"आबा, आमच्या परसात रत्नानं काठी रोवलीया. शेवगा हाय म्हनती. तुमच्या न्हाणीमागं हाय न्हवं ते झाड? धरतंय का वो?"

एसटी लांब वळणावर दिसत होती. गेनबाने पिशवी उचलून खांद्याला लावली. पिशवीत शेवटच्या तोडीच्या शेंगा होत्या. त्याने त्यांच्यावर टॉवेल ओढला.

"न्हाई," तो म्हणाला. "सावलीला बरं."